स्वल्पविरामाची लांबी

रविवार, ८ मार्च

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तुझंही ठीक असेल असं धरून चालतो. आई बरी आहे. माझा गुडघाही बरा आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगून टाकतो.

पत्र बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याच्या खुणा येतात आणि पुढे सामसूम. म्हणून म्हटलं, कागद पाठवून बघू. कागद निदान फाडायला तरी हातात घ्यावा लागतो.

कामाचं लिहितो, म्हणजे तुला बरं वाटेल. आईची बोलायची पेटी जुनी झाली आहे. तिच्यातली चिप बनवणाऱ्यांनीच बंद केली. मी भंगारातून दोन शोधून आणल्या होत्या, त्यातली एक मुळातच मेलेली निघाली आणि दुसरीचे पाय गंजून तुटले. आता नव्या चिपवर जाण्यावाचून गत्यंतर नाही. नवी चिप नखाएवढी आहे आणि जुनीच्या कितीतरी पट पळते. दुकानात रिमोट दुरुस्तीला आणणारे लोक मला शहाणपण शिकवतात, की आता फोनच बोलतात, आईला एक फोन घेऊन दे. दिला होता की. त्यातल्या बाईचा आवाज आईने दोन वाक्यं ऐकला आणि पाटीवर लिहिलं, "ही बाई माझ्या घरात नको." त्या बाईची बिचारीची काही चूक नाही, पण तिचं नि आईचं जमणार नाही हे मलाही कळलं.

तेव्हा नवा बोर्ड मी जोडणार आणि प्रोग्रॅम तुझाच. आठवतं तुला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाय हलवत बसून तू मला भाषण दिलं होतंस? यंत्रं येतील आणि जातील, भाषा तीच राहील. एकदा नीट लिहिलं की कुठल्याही चिपसाठी पुन्हा कंपाईल करायचं, म्हणजे त्या चिपच्या बोलीत उतरवून घ्यायचं, संपलं. मी म्हटलं होतं, नुसतं घर बदलताना कपाट नव्या दारातून आत जात नाही आणि तू अख्खं यंत्र बदलायच्या गोष्टी करतेस. तू म्हणालीस, ठोक्या, तू आपला पेचकस धर. तो मी धरलेलाच आहे.

तर ऐक. तुझं लिखाण नव्या कंपायलरने एका दमात घेतलं. एक चूक दाखवली नाही की एक इशारा दिला नाही. मी मनातल्या मनात तुझी पाठ थोपटली. आईला समोर बसवलं, वीज दिली, नुसतं "आई" टाईप केलं. आणि पेटीतून खरखर आली. आवाज नाहीच. कोणी पत्र्यावर वाळू घासतंय असं काहीतरी. आईने कानावर हात नाही ठेवले, पण मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. मी घाईघाईने बंद केलं.

तिचा आवाज म्हणजे काय आहे हे तुला मी काय सांगणार. पण परवा बोर्ड हातात घेऊन बसलो आणि सगळं आठवलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज जायच्या आधीचा तो आठवडा. खिडकीला गादी टेकवलेली, पंखा बंद, तू मांडीवर माईक घेऊन, आणि आई घामाघूम होऊन बाराखडी म्हणतेय. क का कि की. मग सगळी जोडाक्षरं. "या वयात पहिलीत बसवलंस मला," म्हणाली होती. मी मधेच चहा घेऊन आत आलो, चमचा बशीत वाजला आणि तू माझ्यावर किती भडकलीस. पण "ळ" पुन्हा म्हणायला आईच्या घशात जोर उरला नव्हता, म्हणून तो चमचा तसाच राहिला. तेव्हापासून ती "बाळ" म्हणो नाहीतर "काळं", चमचा वाजायचाच. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नुसत्या आवाजावर केलेली बाई. आणि आता त्या आवाजाची खरखर होते म्हणजे काय.

मला एवढंच सांग, जुन्या चिपवर सुरळीत चालणारी गोष्ट नव्या चिपवर खरखर का करते? घाई नाही. म्हणजे थोडी आहे.

तुझा,
ठोक्या


शनिवार, २८ मार्च

ताई,

नमस्कार. उत्तर मिळालं. पाकिटात दोन ओळींची चिठ्ठी. ना नमस्कार, ना चौकशी, पण अक्षर तुझंच होतं, मी दुकानात दोनदा वाचलं.

पहिली ओळ, "बाइटांचा क्रम उलटा आहे, आवाजाच्या फाईलमध्ये फिरवून घे." दुसरी ओळ, "आई पाटीवर का लिहिते?"

आधी पहिलीचं सांगतो, ते सोपं आहे. आवाजाचा प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत ठेवलेला. जुनी चिप मोठा तुकडा आधी वाचायची, नवी छोटा आधी वाचते. हे आईला समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. मग मी म्हटलं, आपण बेचाळीस लिहितो तेव्हा चार आधी लिहितो, पण म्हणताना बे आधी म्हणतो. आता एकाने म्हणून दाखवलं आणि दुसऱ्याने ऐकलं त्याच क्रमाने लिहून काढलं, तर बेचाळीसचे चोवीस होणार. तसं झालंय. आईने मान डोलावली आणि पाटीवर लिहिलं, "राँग नंबर." मी म्हटलं, अगदी बरोबर, राँग नंबर.

तुकडे फिरवून घेतले. पुन्हा समोर बसवलं. या वेळी मीच टाईप करायला धजेना, कळफलक तिच्याकडे सरकवला. तिने थोडा विचार केला आणि दाबलं. पेटी म्हणाली, "किती हा गोंधळ." आणि ताई, "ळ"मध्ये चमचा वाजला. माझा जीव भांड्यात पडला. मी उठून उगाचच खिडकी उघडली आणि बाहेर बघत उभा राहिलो, कारण डोळे दाखवण्यासारखे राहिले नव्हते.

आता दुसरी ओळ. मला वाटलं होतं तू वरवर वाचशील. तुझं लक्ष असतं हे मी विसरलो.

जुनी पेटी "जुनी झाली आहे" असं मी लिहिलं ते खरं नव्हतं. ती बंद पडली होती. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा आई कधीची गप्प होती. तुला का नाही कळवलं विचारशील तर, कळवल्यावर तू धावत येशील याची मला धास्ती वाटत होती आणि येणार नाहीस याची त्याहून जास्त. म्हणून मी चिपचं लिहीत बसलो.

पाटी आहे, लिहिता येतं, मग बिघडलं काय, असं मलाही आधी वाटायचं. पण लिहायचं म्हणजे समोरच्याने आधी बघावं लागतं. पाठ फिरवलेल्या माणसाला लिहून ओरडता येत नाही. मी बाथरूममधला दिवा चालू ठेवून निघालो की पूर्वी पेटी मागून खेकसायची. आता ती उठते, चार पावलं येते, माझ्या दंडाला हात लावते आणि पाटी दाखवते. काही दिवस असं झालं. मग ती स्वतःच उठून दिवा बंद करायला लागली. माझी बायको म्हणते, आई हल्ली किती शांत झाल्यात. मला ते शांत होणं अजिबात आवडलं नाही. मला भीती वाटायला लागली की तिला गप्प राहायची सवय होईल, आणि मग बोलायची पेटी आणून ठेवली तरी ती कपाटावरच राहील. ही ती घाई होती.

तुझ्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. मागे एकदा मी आईला म्हटलं, तूच एक ओळ लिही ना तिला. तिने काय लिहिलं असेल? "ज्याने फोन ठेवला त्यानेच लावायचा." एक्सचेंजचा नियम म्हणे. आता यावर काय बोलणार. तिकडे तू तशी, इकडे ही अशी, आणि मधे मी तारा जोडतोय. ही नोकरी मी मागितली नव्हती.

असो. एक नवीन भानगड आहे. आवाज आला, पण आई आता न थांबता बोलते. सुटणारी बस पकडायला धावताना माणूस बोलतो तशी. स्वल्पविराम टाका, पूर्णविराम टाका, पेटीला फरक पडत नाही. ऐकणाऱ्याला दम लागतो. आणि आईचं तुला माहीत आहे, तिचा सगळा जीव त्या थांबण्यात. अर्धं वाक्य टांगून ठेवायचं, समोरच्याचं तोंड उतरलं की उरलेलं सोडायचं. "चहा बिघडला," म्हणायचं, मी कप उचलायला लागलो की, "असं कोण म्हणालं?" नोकरीतसुद्धा साहेब लोकांना ती असंच खेळवायची. "साहेब, तुमचा ट्रंककॉल लागणार नाही, असं होईल का कधी." आता पेटी बोलते, चहाबिघडलाअसंकोणम्हणालं. त्यात गंमत कुठली. काल तिने एकदा तसं करून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी हसायचं विसरलो. तिला ते लागलं.

स्वल्पविराम तू लावून दिला होतास. आईच्या शेजारी बसून, कान देऊन, थोडा जास्त, थोडा कमी, असं करत. तो कुठे गेला? कळव. आणि या वेळी नमस्कार लिहिलास तरी चालेल, कागदावर जागा असते.

तुझा,
ठोक्या


गुरुवार, १६ एप्रिल

ताई,

नमस्कार. तुझ्या पत्रात नमस्कार होता. आईला दाखवला. तिने पाकीट टेबलावरून उचलून स्वतःच्या चष्म्याच्या घराखाली ठेवलं, ते अजून तिथेच आहे.

तू म्हणालीस ती जागा सापडली. स्वल्पविरामाच्या ठिकाणी तू काहीच लिहिलेलं नाहीस. म्हणजे लिहिलंयस, पण यंत्राला नुसतं सांगितलंयस की मनातल्या मनात इतके आकडे मोज आणि मग पुढचं बोल. जुना कंपायलर साधाभोळा होता, मोज म्हटलं की मोजायला लावायचा. नवा पडला हुशार. त्याने बघितलं की या मोजण्यातून काहीच निष्पन्न होत नाही, ना आकडा कुठे वापरलाय ना काही छापलंय, आणि ओळ बिनकामाची समजून गाळून टाकली. तू लिहिलं आहेस की वेळ अशी यंत्राच्या वेगात लपवून ठेवायची नसते, तेव्हा नवखी होतीस, आता शिकाऊ मुलं असं लिहून आणतात तेव्हा तू त्यांना परत पाठवतेस. बरं करतेस. पण मला ती ओळ बघून वाईट वाटलं. सगळं भाषांतर बिनचूक झालं आणि जे नुसतं थांबणं होतं तेवढंच मागे राहिलं.

ओळ गाळू नकोस असं कंपायलरला बजावायची तुझी युक्ती मी वापरली. तर त्याने मोजलं, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळा. वेग जास्त ना. मग तू म्हणालीस तसं करायला बसलो. जुन्या चिपचा वेग काढायचा, आकड्याला त्याने भागायचं, खरा वेळ काढायचा आणि नव्या प्रोग्रॅममध्ये सरळ वेळच लिहायचा, म्हणजे पुढे दहा यंत्रं बदलली तरी तो हलणार नाही. हिशेब सोपा होता. फक्त जुन्या चिपचा वेग तू एका बारीक पेचाने, कानाने, लावला होतास आणि तो कुठेही लिहून ठेवला नव्हतास. आणि पेटी उघडताना तो पेच माझ्याकडून फिरला. आता शिव्या घाल. चिप मेलेली, पेच फिरलेला, तेव्हा आईचा स्वल्पविराम किती लांब होता हे सांगणारं यंत्र आता जगात नाही.

हे सगळं झालं, आणि आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी दोन कागद फाडले आहेत.

मागच्या सोमवारी दुपारी पेटी पुन्हा जोडली. थांबण्याचं काही केलेलं नव्हतं, नुसत्या स्पीकरच्या तारा नव्याने डाख देऊन जोडल्या होत्या. आईला म्हटलं, काहीतरी लांबलचक टाईप कर, तारा तापतात का बघतो. मी वाकलेलो, हातात डाख द्यायची तापलेली सळई. ती पटापट टाईप करत गेली, विचार न करता, पाठ असल्यासारखं. आणि पेटी एका श्वासात म्हणाली,

"तू गेलीस तर माझं काही अडणार नाही असं मी म्हणणार नाही अडेल तरी तू जा आणि येत जा."

मी म्हटलं, काय? तिने तेच पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, त्याच घाईत.

ताई, तू नोकरीसाठी घरातून निघालीस त्या दिवशी मी दुकानात होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई पेटी मांडीवर घेऊन बसली होती आणि तुझ्या खोलीचा दरवाजा उघडा होता. गाडीतून तुझा मेसेज आला, "मी विचारलं जाऊ का, तर म्हणाली माझ्यावाचून तिचं काही अडणार नाही. बरं झालं, कळलं." तो मेसेज मी आईला कधी दाखवला नाही. मला वाटलं, बोलली असेल. रागात माणूस बोलतो, आणि तिचा स्वभाव काही लोण्याचा नाही. इतकी वर्षं मी तेच धरून बसलो. तुझी बाजू घ्यायची तर आई वाईट ठरते, तिची घ्यायची तर तू, म्हणून मी कोणाचीच घेतली नाही आणि रेडिओ दुरुस्त करत राहिलो.

मी आईला विचारलं, हे कधीचं वाक्य? तिने पाटी घेतली. "त्या दिवशीचं."

मी म्हटलं, पण तिने तर अर्धंच ऐकलं.

आईने लिहिलं, "बॅटरी उतरली होती. लाल दिवा लुकलुकत होता. स्वल्पविराम संपेचना. दार वाजलं. मग उरलेलं बोलली पेटी. भिंतीला."

तुला हे माझ्याहून जास्त कळेल. बॅटरी उतरली की जुनी चिप मंद मोजायची. आवाजाचं घड्याळ वेगळं होतं, म्हणून शब्द तसेच यायचे, पण थांबणं लांबायचं. आईचा स्वल्पविराम किती लांब असतो हे सगळ्या जगात एकट्या तुला नेमकं ठाऊक होतं, तूच लावलेला. दुसरं कोणी असतं तर ते वाट बघत राहिलं असतं. तू तेवढी थांबलीस, पुढे काही आलं नाही, आणि तुला वाटलं हा पूर्णविराम आहे. मी असतो तर मलाही वाटलं असतं. नसतं वाटलं कदाचित, कारण मला यातलं काही कळत नाही.

मग मी आईवर चिडलो. खरंच चिडलो. म्हटलं, हे माहीत होतं तर इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, एक ओळ लिहायला काय झालं होतं. तिने पाटीवर बोट ठेवलं, तो नियम लिहायला लागली. मी म्हटलं, खड्ड्यात गेला तुझा नियम, एक्सचेंज बंद होऊन जमाना झाला. तेव्हा तिने पाटी बाजूला टाकली, कळफलक ओढला आणि मला झाडायला सुरुवात केली. पण पेटी न थांबता बोलतेय. बावळटामाझ्यावरआवाजचढवतोसकाय. इतकं भरभर, की झाडणं संपलं तेव्हा मला ते कळायचं होतं. मी बघतोय तिच्याकडे, ती बघतेय माझ्याकडे, आणि मग आम्ही दोघं हसत सुटलो. तिच्या हसण्याला आवाज नाही, तू बघितलं आहेस, नुसते खांदे हलतात. हसता हसता ती रडायला लागली. मीही. बायको आत आली आणि काय झालं विचारून दमली, पण सांगणार काय, स्वल्पविराम गळाला?

नंतर, शांत झाल्यावर, तिने लिहिलं, "मला वाटलं तिने सगळं ऐकलं. ऐकूनही गेली आणि आली नाही. मग मी कशाला लिहू." असं होतं ते. तुला वाटत होतं ती अर्धं बोलली, तिला वाटत होतं तू पूर्ण ऐकलंस. दोघी आपापल्या जागी ताठ. मेसेज मी तिला दाखवला असता तर त्याच संध्याकाळी उलगडा झाला असता का, हे मी आता स्वतःला विचारत नाही, त्याने काही जोडलं जाणार नाही.

तेव्हा कामाचं. नव्या बोर्डावर थांबण्याचा वेळ आता सरळ आकड्यात लिहिता येतो. बॅटरी उतरली तरी तो लांबणार नाही, हे मी तपासून बघितलं. पण कोणता आकडा लिहू? मी बरेच टाकून बघितले. थोडा दिला की आई मान हलवते, जास्त दिला की पाटीवर लिहिते, "झोपले नाही मी." तिलासुद्धा नेमका सांगता येत नाही, स्वतःचं थांबणं स्वतःला कुठे ऐकू येतं. ते तुझ्या कानात आहे. मी पत्रातून चिप मागवू शकतो, तू पत्रातून प्रोग्रॅम सुधारू शकतेस, पण हे पत्राने येणार नाही. त्यासाठी तिच्या शेजारी बसावं लागेल, पूर्वी बसायचीस तसं, थोडं जास्त, थोडं कमी करत. मला ये म्हणून आग्रह करता येत नाही, माझा हात पेचकसाचा. पण मला तू इथे हवी आहेस. आईसाठी म्हणत नाही, मलाच हवी आहेस.

तुझी खोली तशीच आहे. टेबलाचा पाय डुगडुगतो, त्यावर बसून पाय हलवू नकोस.

हे पत्र आईला वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, आणि म्हणाली, म्हणजे पेटी म्हणाली, खाली थोडी जागा सोड. सोडली आहे. ती काय लिहिते ते मी बघणार नाही, पाकीट तीच बंद करेल.

तुझा,
ठोक्या


हॅलो.

याला मी नियम अर्धाच सांगितला होता. ज्याने फोन ठेवला त्यानेच लावायचा, हे खरं. पण लाईन आपल्याकडच्या बिघाडाने तुटली असेल, तर परत जोडून द्यायची ती एक्सचेंजने. गिऱ्हाईकाने वाट बघायची नाही.

त्या दिवशी बॅटरी माझी उतरली होती. तेव्हा मीच जोडते आहे.

आपलं बोलणं अर्धं राहिलंय, बाळ. लाईनवर आहे,

आई